घाटात बोलायचं न्हाई

भानुतात्यांच्या जीपने वेळेवर पोचलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. नऊ वर्षं मी त्या जीपने शाळेत गेले. रोज सकाळी फाटकातून आत शिरताना मुख्याध्यापकांच्या भुवया ज्या उंचीवर असायच्या, तिथून त्या अजूनही खाली आलेल्या नाहीत असं ऐकते.

लग्न होऊन मी चौसाळ्याला आले आणि पुढच्याच वर्षी हिंगणवाडीच्या शाळेवर माझी नेमणूक झाली. चौसाळ्याला हमरस्ता सोडून आत वळलं की अर्ध्या तासाने डोंगर लागतो. डोंगरावर चढणारा आठ वळणांचा अरुंद घाट. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. कुठे कठडा शाबूत, कुठे नुसते दोन दगड उरलेले. घाट संपला की हिंगणवाडी. एसटी यायची ती भल्या पहाटे, नाहीतर एकदम दुपारी. मधल्या वेळेत जायचं तर भानुतात्यांची काळी-पिवळी जीप. दुसरा इलाज नव्हता.

पहिल्या दिवशी मला पुढची जागा मिळाली. मागे आमच्याच शाळेचे मोराळे सर, हिंगणवाडीच्या उपकेंद्रातल्या लता सिस्टर आणि गावची चार माणसं. मोराळे सर मला शाळेतलं राजकारण समजावून सांगत होते. घाटाच्या पायथ्याशी जीप थांबली, इंजिन बंद झालं, आणि मोराळे सर वाक्याच्या मधोमध गप्प झाले. क्रियापदसुद्धा आलं नाही. मला वाटलं बिचाऱ्यांना काही झालं.

तात्या मागे वळले. काळासावळा, सडपातळ माणूस. डोक्याला टोपी, बसायला घडी केलेलं घोंगडं, आणि मान अशी लांब की जीपच्या आधी तीच वर पोचावी.

"हां. फोन पिशवीत घाला समद्यांनी," ते म्हणाले. "आन् मॅडम, तुमी नवीन हायत म्हणून सांगतो. घाटात माज्याशी बोलायचं न्हाई. आपसात बोला, हळू. भांडायचं असंल तर वर गेल्यावर भांडा, मी थांबतो."

मग ते खाली उतरले. चारही चाकांना लाथा घालून पाहिल्या. वाकून जीपच्या पोटाखाली नजर टाकली. बाटलीतलं पाणी डोळ्यांना लावलं, टोपी सारखी केली आणि एवढं सगळं आटोपून घाटाला लागले. एखादा गडी आखाड्यात उतरताना जेवढी तयारी करतो त्याच्यापेक्षा ही जास्त होती, आणि वेग मात्र बैलगाडीला लाज वाटावी असा.

तिसऱ्या वळणाच्या अलीकडे जीप पुन्हा थांबली. मिनिट गेलं, दोन गेली, पाच गेली. मी घड्याळ पाहिलं, पुन्हा पाहिलं. शाळेतला पहिला दिवस होता. मी मागे वळून सिस्टरांना खुणेने विचारलं. त्यांनी बोट वर केलं. कड्यावर तीन वानरं बसली होती. एक दुसऱ्याच्या पाठीतल्या उवा काढत होतं. तिसरं आमच्याकडे बघत होतं.

त्यांच्या उवा संपेपर्यंत आम्ही थांबलो.

वर पोचल्यावर मी रागानेच विचारलं, "तात्या, वानरांसाठी थांबायचं?"

"वानर हाललं की खडा सुटतो, मॅडम. वरून खडा निघतो, खाली येस्तोवर धोंडा हुतो."

"पण पडला तर नाही ना!"

"न्हाई पडला," तात्या समाधानाने म्हणाले. "बरं झालं की."

माणूस दगड पडला तरी बरोबर आणि नाही पडला तरी बरोबर. नऊ वर्षांत मी त्या घाटात दगड पडताना दोनदाच पाहिला. दोन्ही वेळा आम्ही पुढे निघून गेलो होतो. तात्यांनी त्या दोन दगडांच्या जिवावर आम्हाला नऊ वर्षं उशीर केला.

त्यांची मूळची माणसं उमापूरकडची, मेंढरं राखणारी. तिशीपर्यंत तात्या मेंढरामागे फिरले. हा डोंगर त्यांनी जीप येण्याच्या कितीतरी आधी पायाखाली घातला होता. कुठल्या कपारीत पाणी मुरतं, कुठला मुरूम भुसभुशीत आहे, साळिंदर कुठून रस्ता ओलांडतं, आग्या मोहोळ कोणत्या महिन्यात कोणत्या कड्याला लागतं, हे त्यांना पाठ होतं. पुढे मेंढरं विकून त्यांनी जीप घेतली, पण हाकायची पद्धत बदलली नाही. जीपमधल्या माणसांना ते चढता-उतरताना मोजायचे. एकदा एक म्हातारा अर्ध्या रस्त्यात आपल्या शेतापाशी गुपचूप उतरून गेला, तर पुढच्या गावी एक माणूस कमी भरला म्हणून तात्यांनी जीप उलटी फिरवली. म्हातारा शेतात निवांत बसला होता. त्याला भेटून, "हाय ना ठीक?" असं विचारून मग आम्ही शाळेत गेलो. भुवया, अर्थातच, वर.

वळणावर ते तीनदा हॉर्न वाजवायचे आणि मग काच खाली करून कान बाहेर काढायचे. पलीकडून काही आवाज आला नाही तरी लगेच निघत नसत.

"हॉर्न वाजिवला की जवाब ऐकावा लागतो," ते म्हणत. "लोक वाजिवतेत आन् निघतेत. म्हंजे इचारायचं, आन् ऐकायचं न्हाई."

समोरून येणाऱ्या गाड्यांवरून चालवणाऱ्याची कुंडली मांडायचा त्यांना छंद होता. घाटात ते बोलत नसत, पण वर पोचल्यावर सगळा साठा बाहेर यायचा. "ती पांढरी गाडी बगितली? नवी हाय. गडी रस्त्याकडं कमी आन् बोनटकडं जास्त बगतोय." "तो ट्रॅक्टरवाला घरून भांडून आलाय, स्टेरिंगला बायको समजून वळिवतोय." "आन् तो निळ्या गाडीवाला, लई सांभाळून चालला न्हवं? गाडी सासऱ्याची हाय." यातलं खरं किती हे तपासायची सोय नव्हती. पण निळ्या गाडीवाल्याला लता सिस्टर ओळखत होत्या, आणि गाडी खरंच सासऱ्यांची निघाली. तेव्हापासून मोराळे सर स्वतःची मोटरसायकल असूनही ती तात्यांच्या समोरून नेत नसत.

घाटातल्या बऱ्याच वळणांना त्यांनी नावं ठेवली होती. जिथे ज्याने बेसावधपणा केला, त्याचं ते वळण. दुसरं वळण डॉक्टरचं. तिथे एका डॉक्टरांनी गाडी चालवता चालवता फोनवर कुणाला तरी औषध सांगितलं आणि गाडी कड्याला घासली. चौथं पुतण्याचं, तात्यांचा सख्खा पुतण्या संदिपान, त्याचीही जीप होती, तो गाणं बदलायला वाकला आणि गटारात गेला. सातवं वळण नवरदेवाचं, कारण नवरदेवाने स्वतःच स्वतःची गाडी चालवत फेट्याचा फोटो काढला होता. फेटा दरीत गेला, नवरदेव वाचला. "लगीन झालं मग?" मी विचारलं. "झालं. टोपीवर," तात्या म्हणाले.

ही नावं आधी जीपपुरती होती. मग गावात रुळली. आता शाळेतली पोरंसुद्धा "डॉक्टरच्या वळणापाशी बोरं आलीत" असं सांगतात. ते डॉक्टर कधी या बाजूला आले तर त्यांना काय वाटत असेल देव जाणे.

तिसऱ्या वळणाचं बारसं मात्र माझ्यासमोर झालं.

दिवाळीनंतरचे दिवस होते. मेंढरांचे कळप तेव्हा घाटातून खाली उतरतात. आम्ही शाळा सुटल्यावर परत येत होतो. तिसऱ्या वळणाच्या वरच्या अंगाला तात्यांनी जीप थांबवली आणि काच खाली केली. कान बाहेर. मागून तीन काळ्या चकचकीत गाड्या आल्या. पहिल्या गाडीत कुणी पुढारी बसलेले. त्यांचा ड्रायव्हर एका हाताने गाडी आणि दुसऱ्या हाताने व्हिडिओ अशी दोन्ही कामं करत होता. मागच्या गाडीतून एक कार्यकर्ता उतरला.

"ए म्हाताऱ्या, गाडी बाजूला घे बे! साहेबांना उशीर होतोय."

"घेतो की," तात्या म्हणाले. "पर म्होरं तीनशे मेंढरं हायत. त्यांना बी सांगा बाजूला घ्यायला."

"कुठं हायत? आम्हाला तर दिसंनात."

"दिसत न्हाईत. वास येतोय."

कार्यकर्ता हसला. तात्यांनी शांतपणे जीप कड्याला चिकटवली. तिन्ही गाड्या धुरळा उडवत गेल्या, वळण घेतलं आणि ब्रेकचा जो आवाज आला तो अजून माझ्या कानात आहे. आम्ही मागोमाग हळूच गेलो. पहिली गाडी कळपाच्या ऐन मध्यात उभी होती. नशिबाने एकाही जनावराला लागलं नव्हतं. पण पुढे मेंढरं, मागे मेंढरं, दरवाजा उघडायला जागा नाही. आणि त्या चकचकीत काळ्या दरवाज्यात कळपातल्या मोठ्या मेंढ्याला दुसरा मेंढा दिसला.

त्याने दोन पावलं मागे घेतली आणि धडक दिली. आतला मेंढाही धडकायला आला, म्हणून याने आणखी जोराने दिली. कळपाचे मालक "अरं, अरं" करत होते, आत साहेब काचेला हात लावून बसले होते आणि ड्रायव्हरचा व्हिडिओ बहुतेक अजून चालूच होता.

मोराळे सरांनी हसू दाबण्यासाठी रुमाल तोंडात घातला. तात्या मात्र हसले नाहीत. खाली उतरले, अंगावरचं उपरणं सोडलं आणि ते दरवाज्यावर पसरून धरलं. मेंढ्याला शत्रू दिसेनासा झाला. तो गोंधळून इकडे तिकडे पाहू लागला. मग तात्यांनी जीभ टाळूला लावून एक लांबट आवाज काढला. असा आवाज मी त्यांच्या तोंडून आधी कधी ऐकला नव्हता. तीनशे मेंढरांनी माना वर केल्या आणि पाण्यासारखी ती कड्याच्या बाजूने वाहायला लागली. पाच मिनिटांत रस्ता मोकळा.

साहेबांनी काच खाली केली. दरवाज्याला परातीएवढा पोचा पडला होता. "काका, नाव काय तुमचं?"

"माजं र्‍हाऊ द्या," तात्या म्हणाले. "तुमचं सांगा. वळणाला लागंल."

साहेबांना काही कळलं नाही. त्यांनी नमस्कार केला आणि गेले. तिसरं वळण तेव्हापासून साहेबांचं.

असा हा माणूस. त्याच्याकडून चूक होईल असं आमच्या कुणाच्या मनातही नव्हतं. थट्टा करायचो ती याच भरवशावर.

तात्यांची एक सवय सांगायची राहिली. घाटात ट्रक बंद पडला की चाकाखाली दगड लावतात, आणि ट्रक चालू झाला की दगड तिथेच सोडून निघून जातात. वळण घेतल्याबरोबर रस्त्याच्या मधोमध डोक्याएवढा दगड. तात्या प्रत्येक वेळी थांबून तो उचलायचे आणि कड्याच्या बाजूला नेऊन ठेवायचे. टाकणाऱ्याच्या खानदानाचा उद्धार करत, पण ठेवायचे अलगद.

चार वर्षांपूर्वी, मार्चमध्ये, त्यांची धाकटी लेक सुरेखा बाळंतपणाला बीडला दवाखान्यात होती. पहिल्या दोन खेपा वाया गेल्या होत्या. तात्या एरवी फोन घरीच ठेवायचे, त्या दिवशी सदऱ्याच्या खिशात होता. पायथ्याशी सगळ्यांचे फोन पिशवीत गेले. त्यांचा खिशात राहिला. आम्हाला दिसलं, पण कुणी बोललं नाही. बाप होता तो.

पाचव्या वळणात फोन वाजला.

त्यांनी तो उचलला नाही. बाहेरही काढला नाही. फक्त मान खाली घालून खिशाकडे पाहिलं. मी शेजारीच बसले होते, म्हणून सांगू शकते. एक श्वास घेण्याएवढा वेळ. तेवढ्यात पुढचं चाक दगडावर चढलं. ट्रकवाल्याने सोडलेला तसलाच दगड. जीप उजवीकडे फेकली गेली, कठड्यावर आदळली, कठडा ढासळला आणि आम्ही थांबलो. माझ्या खिडकीतून कडा दिसत होता. तात्यांच्या खिडकीतून काहीच दिसत नव्हतं. नुसती हवा.

"हालू नका कुणी," तात्या म्हणाले. आवाज एकदम हलका. "मॅडम, तुमी आदी. दार हळू उघडा. पाय टेकला की सरळ कड्याकडं जावा. मग शिस्टर. सर, तुमी सगळ्यात शेवटी, तुमी वजनदार हायत."

त्या प्रसंगीही मोराळे सरांना ते लागलं असावं. नंतर कित्येक महिने ते भाकरी एक कमी खात होते. आम्ही एकेक करून उतरलो. सगळ्यात शेवटी, आमच्या बाजूच्या दाराने, सीटवरून सरपटत तात्या उतरले. सगळ्यांना मोजलं. पुन्हा मोजलं. मग त्या दगडापाशी जाऊन रस्त्यातच बसले.

फोन पुन्हा वाजला. तात्यांनी हात लावला नाही. सिस्टरांनी त्यांच्या खिशातून काढून कानाला लावला.

"तात्या, मुलगी झाली सुरेखाला. दोघी बऱ्या आहेत."

तात्यांनी मान हलवली. मग डोक्यावरची टोपी काढून तिच्यात तोंड घातलं आणि लहान मुलासारखे रडले. आनंदाने की भीतीने, ते आम्ही विचारलं नाही. त्यांनाही वेगळं काढता आलं नसतं.

गावातून माणसं आली, दोर लावून जीप ओढली. कुणी म्हणालं, दगड टाकणाऱ्याची चूक. कुणी म्हणालं, कठडा पक्का बांधला असता तर. तात्या म्हणाले, "दगड रोजच असतोय. म्याच न्हवतो."

खरी गंमत पुढे झाली. मी घरी काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर सासूबाईंनी माझी नोकरी त्याच दिवशी बंद केली असती. रविवारी दुपारी आम्ही सगळे जेवायला बसलो होतो आणि दारात भानुतात्या. धुतलेलं धोतर, हातात टोपी. सासूबाई म्हणाल्या, "या की, बसा."

"बसायला न्हाई आलो," तात्या म्हणाले. "तुमच्या सुनबाईला म्या दरीत घालणार हुतो. माजं ध्यान न्हवतं. चूक माजी. ते सांगाया आलो."

घास माझ्या हातात राहिला. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग तात्यांकडे, मग पुन्हा माझ्याकडे. नवऱ्याने हळूच पाण्याचा तांब्या माझ्या पुढ्यात सरकवला. मी तात्यांना डोळ्यांनी खुणावत होते, पण ते थांबेनात. दगड किती मोठा, कठडा कसा पडला, चाक किती बाहेर लटकत होतं, सगळं इंचाइंचाने सांगितलं. सांगून झाल्यावर हात जोडले आणि गेले. पुढचा अर्धा तास आमच्या घरात जे झालं ते घाटापेक्षा अवघड होतं. असे ते जीपमधल्या सातही जणांच्या घरी गेले. मोराळे सरांनीही घरी लपवलं होतं. त्यांच्या घरी तर तात्यांनी वजनाचा उल्लेखही केला.

जीप दुरुस्त झाली तरी महिनाभर तात्यांनी चालवली नाही. संदिपान चालवायचा आणि तात्या मागे बसायचे, तोंडातून शब्द न काढता. पायथ्याला संदिपान स्वतःहून थांबायचा, उतरायचा, चाकांना लाथा घालायचा. पाचव्या वळणाला तोवर नाव नव्हतं. तात्या पुन्हा चालवायला बसले त्या दिवशी वर पोचल्यावर मोराळे सरांनी चाचरत विचारलं, "तात्या, मघाच्या त्या वळणाला..."

"भान्याचं वळण," तात्या म्हणाले. "त्यात काय इचारायचं?"

नंतरची दोन वर्षं ते पूर्वीसारखेच चालवत होते, म्हणजे पूर्वीपेक्षाही हळू. आणि एक दिवस घाटाच्या अलीकडे, साध्या सपाट रस्त्यावर त्यांनी जीप थांबवली. सिस्टरांना विचारलं, "आत्ता हितं डावीकडं कोन हुतं?"

"पांढरा बैल होता की, तात्या. बाभळीला बांधलेला."

"मला न्हाई दिसला."

बीडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी पुढे काचबिंदू सांगितला. कडेची नजर गेली होती, आणि गेलेली परत येत नाही. पण तात्यांनी डॉक्टरांची वाट पाहिलीच नव्हती. तिथेच किल्ली काढली, संदिपानला बोलावून घेतलं आणि किल्ली त्याच्या हातात दिली. आम्ही सगळे रस्त्याच्या कडेला उभे. पाऊण तास उशीर. मुख्याध्यापकांना मी कारण सांगितलं, तेव्हा पहिल्यांदा त्यांनी पुढे काही न विचारता रजिस्टर पुढ्यात सरकवलं.

मी मग जुनी छोटी गाडी घेतली. तात्यांना म्हटलं होतं, तुम्हीच शिकवा. तर म्हणाले, "शिकवाया बोलावं लागतंय." शेवटी बीडला क्लास लावून शिकले. मोराळे सर आणि सिस्टर माझ्याबरोबर येऊ लागले. पायथ्याशी मी गाडी थांबवायचे, फोन पिशवीत जायचा. मोराळे सरांचं वाक्य तेव्हाही अर्धंच राहायचं.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. सर आणि सिस्टर दोघंही रजेवर होते, मी एकटीच परत निघाले. हिंगणवाडीच्या पारापाशी तात्या उभे होते. बहिणीकडे आले होते, एसटी चुकली होती. मी थांबले. ते गाडीभोवती एक चक्कर मारून आले, टायरला पायाने चाचपलं आणि मग शेजारी बसले. मला दहावीच्या परीक्षेला बसल्यासारखं वाटायला लागलं.

घाट सुरू झाला. नवरदेवाच्या वळणाला मी तीनदा हॉर्न दिला, काच खाली केली, ऐकलं. त्यांच्या शेऱ्याची वाट पाहत मी पुढचं वळण घेतलं. शेरा नाही. भान्याच्या वळणाला त्यांच्याकडे बघायचा मोह झाला, पण रस्त्यावरून नजर हलवायची हिंमत झाली नाही. साहेबांच्या वळणाला एक शेळी आडवी आली. मी थांबले, ती गेली, मी निघाले. शेजारून फक्त संथ श्वास ऐकू येत होता.

पायथ्याशी गाडी थांबवून पाहिलं तर तात्या मान टाकून झोपले होते. टोपी मांडीवर, तोंड जरासं उघडं. जिल्ह्यातल्या कुठल्याही परीक्षेत मला एवढे गुण कधी मिळाले नव्हते. मी इंजिन बंद करून तशीच बसून राहिले.

थोड्या वेळाने ते जागे झाले.

"तात्या, घाटात झोप लागली तुम्हाला!"

"लागली न्हाई, मॅडम. घेतली," तात्या डोळे चोळत म्हणाले. "मला कडंचं तर काय दिसत न्हाई. म्हणलं, जागं राहून दोघांनी बी कशाला भ्यायचं?"

मी हसले. तेही हसले. पण मग जरा थांबून म्हणाले, "चौथ्याला उलीसं घाईत घेतलं तुमी."

म्हणजे झोप कधी लागली होती, किंवा घेतली होती, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही.

त्यांच्या वस्तीच्या फाट्यावर मी त्यांना सोडलं. पुढच्या महिन्यात माझी बदली परळीकडे धर्मापुरीला झाली. तो सपाटीचा रस्ता. त्यानंतर त्यांची भेट नाही, म्हणून डोळ्यांसमोर राहिलं आहे ते हेच. मी गाडी पुढे काढली आणि आरशात पाहिलं. रस्ता दोन्ही बाजूंना लांबवर रिकामा होता. तात्या कडेला उभे. त्यांनी आख्खी मान उजवीकडे वळवली, मग आख्खी डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे. एक हात वर करून नसलेल्या गाड्या थांबवल्या. मग सावकाश, एकेक पाऊल टाकत, पलीकडे गेले.